साहेबांनी मागितलेली माफी

हे मी बायकोजवळही कधी बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय – का, ते माझं मलाच कळत नाही.

आमच्या येडशीचाच युसूफ आणि मी एकाच दिवशी फौजेत भरती झालो. ब्रह्मदेशच्या लढाईत तो मागच्या रणगाड्यात, मी कर्नल साहेबांच्या रणगाड्यात वायरलेसवर. साहेब इंग्रज, कमी बोलणारे. आपला माणूस मागं टाकून पुढं जायचं नाही, ही त्यांची रीत. अशा माणसाशी मी – पण थांबा, सांगतो.

एका दुपारी नाल्यापलीकडून तोफगोळे यायला लागले. तेवढ्यात माझ्या कानात युसूफचा आवाज – पट्टा तुटलाय, रणगाडा हलत नाही, थांबा.

साहेबांनी वाकून विचारलं, "मागचे काही बोलतात?"

"नाही साहेब."

खरं सांगितलं असतं तर साहेब नक्की मागं वळले असते. मला मरायचं नव्हतं. संध्याकाळी युसूफचा रणगाडा जळालेला सापडला.

गावी आल्यावर त्याच्या आईला, चाचीला, मी सांगितलं – साहेबानं थांबू दिलं नाही. तिनं दोष कुणाचा, हे विचारलंही नव्हतं. मग का सांगितलं?

पुढं निजामाचं राज्य गेलं, मी रेल्वे स्टेशनात नोकरीला लागलो. साहेब विलायतेत मोठे जनरल झाल्याचं कानावर आलं. काही वर्षांनी चाची एक पत्र घेऊन आली. गावात इंग्रजी वाचणारा मीच. पत्र साहेबांचं. ते आता निवृत्त झाले होते. लिहिलं होतं – तुमच्या मुलाला मी मागं सोडलं. मी वळून पाहायला हवं होतं. पुढं किती बढत्या मिळाल्या, पण ती दुपार काही सुटली नाही. जमलं तर माफ करा.

मी शब्दन् शब्द आपल्या बोलीत वाचून दाखवला.

चाचीनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "लिव बाबा. माफी न्हाय. मरंस्तवर न्हाय."

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं – नाही का? समोरच बसली होती ती. मी लिहिलं, चांगल्या अक्षरात. स्वतः जाऊन टपालात टाकलं.

साहेबांचं परत पत्र आलं नाही. ते आहेत की गेले, ठाऊक नाही.

गेल्या साली चाची वारली. मी जनाज्याला खांदा दिला. लोक म्हणाले, युसूफच्या माघारी यानंच लेकाचं कर्तव्य केलं.

मी ऐकून घेतलं.