नवं जॅकेट आणि मढचा पाऊस

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट घासून कापड कळत नाही, हे मी वडिलांना एका दुपारी चार वेळा सांगितलं. चारही वेळा ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा बोट घासलं. नारायणगावचा सायबर कॅफेवाला काचेवरचे ठसे बघून तोंड वाकडं करत होता.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. माळशेज घाटाजवळच्या मढच्या बाजूला एका शाळेत ते शिपाई होते आणि आमच्या पिंपरी पेंढारहून रोज मोटारसायकलवर जायचे. आदल्या पावसाळ्यात भिजून भिजून न्यूमोनिया झाला, दोन आठवडे दवाखान्यात काढले. पुन्हा असे भिजलात तर माझा भरवसा धरू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि ती सोडायला दादा तयार नव्हते. बाजारातले प्लॅस्टिकचे रेनकोट माळशेजकडच्या वाऱ्यात काखेत टरकायचे. मी पुण्याला नोकरीला, हातात नवंकोरं क्रेडिट कार्ड. म्हटलं, ऑनलाइन चांगलं जॅकेट मागवू. हौस माझी आणि ती माझ्याच गळ्यात पडली.

त्या वेबसाइटवर लिहिणारा आयुष्यात कधी भिजला नसावा. एका जॅकेटाखाली लिहिलं होतं, हलक्या सरींसाठी योग्य. मढला हलकी सर कशाला म्हणतात, हे त्याला कोणी सांगायचं? दुसरं पाणी अडवणारं होतं, पण किती वेळ, ते गुलदस्त्यात. तिसऱ्याचं कापड कुठलं, तर 'उच्च प्रतीचं'. चौथ्याखाली तीन हजार मिलिमीटर असा आकडा होता. दादांनी चष्मा सावरला आणि एवढा पाऊस एकट्याच्या अंगावर पडतो का, असं विचारलं. ते कापडावर उभ्या राहणाऱ्या पाण्याचं माप असतं, असं मी समजावलं. पुढे वाचलं, की यातून आतला घाम बाहेर जातो, पण बाहेरचं पाणी आत येत नाही. दादांनी पडद्यावर पुन्हा बोट घासलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी भोकं एकाच बाजूनं असत्यात का?"

मी चिडले आणि पुढचं जॅकेट उघडलं.

त्यांचं तरी काय चुकत होतं? कांद्याच्या ढिगावर टाकायला ताडपत्री घेताना जुन्नरचे दुकानदार चाचा गिऱ्हाइकालाच तिची टोकं धरायला लावायचे, वर तांब्याभर पाणी ओतायचे आणि खालून हात फिरवायला सांगायचे. हात कोरडा राहिला तर ताडपत्री घरी. इथे तांब्या कुठे ओतणार? शेवटी शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेलं एक जॅकेट मी निवडलं आणि देवावर हवाला ठेवून बटण दाबलं.

जॅकेट पुण्याला आलं, मी ते शनिवारी घरी नेलं. दादांनी अंगणात ते आईला आणि मला ताणून धरायला लावलं, तांब्या ओतला आणि चहा होईपर्यंत आम्हाला तसंच उभं केलं. मग खालून हात फिरवला. कोरडा. येईल त्याला जॅकेट दाखवून झालं. मला वाटलं, सुटले एकदाची.

आषाढात सुट्टी घेऊन घरी गेले. संध्याकाळी दादा आले ते नखशिखांत भिजून, खोकत. ओसरीवर बसले तर छातीची घरघर मला दारातून ऐकू येत होती. गाडीच्या कॅरिअरला युरियाची रिकामी गोणी बांधलेली होती. सोडून बघितली तर आत जॅकेट. घडी मोडलेली नाही आणि कोरडं ठणठणीत.

"निघताना हितं पाऊस नव्हता," दादा म्हणाले. "आन् वतूरच्या पुढं लई चिखुल उडतो. नवं हाये त्ये. मोठा पाऊस आला का घालीन."

आई म्हणाली, महिनाभर हेच चाललंय. रोज गोणीत बांधून नेतात, रोज कोरडं परत आणतात. आमच्या घरी नव्याचं असंच असतं. टीव्हीला झाकण, खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही, चांगल्या बश्या पाहुण्यांसाठी. मीही त्यातच वाढले. पण त्या दिवशी डोकं फिरलं. भीती वाटली की मला आधी रागच येतो.

जॅकेट उचललं आणि गोठ्यामागे गेले. म्हशींनी तुडवून तिथे चिखलाचा राडा केला होता. त्यात ते टाकलं, दोन्ही पायांनी तुडवलं, बाही धरून ओढलं. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. तसंच चिखलानं निथळणारं जॅकेट आणून मी दादांच्या पुढ्यात टाकलं.

"झालं जुनं," मी म्हणाले. "आता घाला." आणि मला रडू आलं.

दादा उठले. नळाखाली नेऊन त्यांनी ते धुतलं, आत हात घालून चाचपलं आणि दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपरी पेंढारला पावसाचा टिपूस नव्हता. दादा ओसरीवरूनच जॅकेट घालून निघाले, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, कपाळावर घाम. पुढची दोन वर्षं ते तसेच जात राहिले, निवृत्त होईपर्यंत. जॅकेटच्या पाठीवर माझ्या टाचेचा एक डाग राहिला, तो कधी गेला नाही. कोणी विचारलं की ते सांगायचे, "पोरीनं जुनं करून दिलंय."