झुरळ आमच्या घरचं

दळवीकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी खाली बघायच्या. बाकीच्या बायका पडदे बघत, शोकेसमधल्या बाहुल्या बघत. काकू ओट्याखाली वाकत आणि मोरीची जाळी पायाच्या अंगठ्याने हलवून बघत. अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला गेलो, त्या संध्याकाळी त्या दुसऱ्या मजल्यावरून चहाचा थर्मास घेऊन आल्या. मी म्हटलं, "या ना, बसा." बसतात कसल्या! थर्मास माझ्या हातात दिला, ओट्याखाली बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "मागे पिठाची गिरणी आहे, ठाऊक आहे ना? म्हणजे तुम्ही चौघं नाही, चारशे जण राहणार इथे." माझं डोकंच फिरलं. नव्या जागेत आलेल्या बाईला कुणी असं बोलतं का?

पण बाई बोलायची ते खरं निघायचं. आठवडाभरात साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या आणि मी निमूट दुसरा मजला चढले. काकूंनी डब्यात चार लवंगा टाकल्या, कोपऱ्यातल्या फटीत हळद दाबली आणि मुंगी कशी असते ते मला समजावलं. "पहिली मुंगी खायला येत नाही गं, पत्ता काढायला येते. तिला माघारी जाऊ दिलंस की मेलीस." झुरळांबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "झुरळ उपाशी राहील, तहानेलं राहायचं नाही. रात्री मोरी कोरडी करून झोपत जा." बोरिक पावडर त्या उल्हासनगरला जाऊन आणायच्या. तिथल्या सिंधी दुकानदाराला आधी दम भरायच्या, "असली माल दो भाई, खडू मिलाया हुआ नहीं चलेगा," आणि मग पुडी हुंगून घ्यायच्या. ती पावडर कणकेत साखर घालून मळायच्या, गोळ्या करायच्या आणि सणाआधी बिल्डिंगभर वाटायच्या. कुणाकडे हळदीकुंकू असो, बारसं असो, जेवणाचा बेत ठरण्याआधी काकूंना बोलावणं जायचं. "पाहुण्यांचं पोट भरण्याआधी भिंतीचं भोक भरावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि त्यांच्या स्वतःच्या घरी झुरळ कुणी पाहिलेलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगायच्या, अगदी तोऱ्यात.

आता माझी गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय काकू कळायच्या नाहीत. आमच्या घराण्याच्या गौरी कल्याणला थोरल्या दिरांकडे असत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं मी तिथे जाऊन सोळा भाज्या चिरत होते. मुखवट्यांना हात लावायचा मान वहिनींचा, म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा. पुढे वहिनींचे गुडघे धरले आणि गौरी कुणाला तरी द्यायचं ठरलं. मला त्या हव्या होत्या. मनापासून हव्या होत्या, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण दीर म्हणाले, "गिरणीच्या मागची जागा ती. किडामुंगीत देवी बसवायच्या का? यंदा करून बघा. आम्ही जेवायला येतो. मनाला पटलं तर राहतील, नाहीतर नाशिकचे चुलते मागतातच आहेत."

मी काकूंकडे जाऊन रडलेच. त्या म्हणाल्या, "रडतेस काय शालू? दहा दिवस आहेत हातात. सिमेंट आण."

दहा दिवस त्या बाईने मला उभं जाळलं. उंदरांची बिळं काचेचा चुरा आणि सिमेंट घालून बुजवली. भिंतीला टेकलेली प्रत्येक वस्तू वीतभर पुढे ओढायला लावली. ओट्याखालचा रद्दीचा गठ्ठा बघून तर अशा काही ओरडल्या की मिस्टर तो घेऊन तडक रद्दीवाल्याकडे गेले. गणपती बसल्यावर मात्र उंदराला मारायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. रोज दुपारी गिरणीच्या मागे त्या स्वतः भाताची मूद ठेवून यायच्या. मी हसले, तर म्हणाल्या, "त्याच्या मालकाचा सण आहे. तो का उपाशी राहील? आणि तिथे पोट भरलं तर तुझ्याकडे कशाला येतोय!"

गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी मिस्टर कल्याणहून मुखवट्यांची पेटी घेऊन आले. काकूंनी ती माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. "कोंदट वास येतोय. मागच्या अंगणात जरा झटकून आणते." अर्ध्या तासाने आल्या तेव्हा मुखवटे घासून लखलखीत झाले होते आणि पेटीत नवे कागद घातलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा शिसवी चौरंगही आणून दिला, कारण आमचा डुगडुगत होता.

जेवणाच्या दिवशी सगळं कसं छान जमून आलं. पुरणाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलेलं, आंबिलीवर ओलं फडकं, दारात कडुलिंबाचा धूर. माशी म्हणून नव्हती. नैवेद्य झाला, पंगत बसली. दिरांनी दुसरी पुरणपोळी मागून घेतली आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात थोरल्या गौरीच्या निऱ्यांमधून एक झुरळ बाहेर आलं. चांगलं बोटभर. चौरंगावरून उतरलं आणि रांगोळीवरून चालत थेट दिरांच्या ताटापाशी गेलं.

दिरांनी हात आखडता घेतला. "देवीच्या पुढ्यात झुरळ?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. वहिनी ताटाकडे बघत राहिल्या.

काकू कटाची आमटी वाढत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं, फडक्यात झुरळ धरलं, बाहेर टाकलं आणि हात धुऊन आल्या. म्हणाल्या, "दादा, पानावरून उठू नका. ते झुरळ आमच्या घरचं आहे. चौरंग माझा. खालच्या फटीत बसलं असणार, मी न बघता आणला. शालूकडे दहा दिवसांत मुंगीसुद्धा फिरकलेली नाही, सगळ्या बिल्डिंगला विचारा."

दीर हसले. "म्हणजे घर चांगलं, शेजार वाईट! वाढा अजून आमटी." गौरी माझ्याकडे राहिल्या.

आणि मी काय केलं? आभार मानायचे सोडून काकूंवर फुगून बसले. दहा दिवस मला नाचवलं आणि स्वतःच्या चौरंगात झुरळ! पुढच्या वर्षी मी नवा चौरंग घेतला. गॅलरीत उभी राहून हा किस्सा हात हलवून हलवून सांगायचे आणि बायका पोट धरून हसायच्या. "झुरळवाल्या काकू" हे नाव माझ्याच तोंडून आधी निघालं. हळूहळू बायकांनी त्यांना सणाआधी बोलावणं सोडलं. बोरिकच्या गोळ्या घेईनात. काकू हळदीकुंकवाला यायच्या, खाली बघायच्या आणि काही न बोलता ओटी घेऊन जायच्या. पुढे त्यांच्या मुलाने बदलापूरला फ्लॅट घेतला, त्या तिकडे गेल्या. निरोप द्यायला मी जिन्यापर्यंतच गेले.

सात वर्षांनी पुतण्याच्या लग्नासाठी कल्याणला गेले होते. वहिनींबरोबर माळ्यावरचं सामान उतरवत होते. एका खोक्यातून झुरळं पळाली तशा वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे पहिल्यापासून हा ताप. अगं, तुला गौरींची पेटी दिली ना, तिच्यात तर वस्तीच होती! वरवर झटकली आणि तशीच दिली. ते चौरंगातलं सोडून तुझ्याकडे आणखी काही निघालं नाही ना तेव्हा?"

मी "नाही" म्हटलं. मागच्या अंगणातला तो अर्धा तास मला तेव्हा कळला. तोंडावर पदर धरून मी माळ्याखालीच बसून राहिले. वहिनींना वाटलं धुळीने त्रास झाला.

दुसऱ्याच दिवशी बदलापूर गाठलं. काकू वाळल्या होत्या, कमरेत वाकल्या होत्या. मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, ते नाव मी ठेवलं हेसुद्धा. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला ते. ऊठ आधी. चूक माझी होतीच थोडी. पेटीतली अकरा मारली मी, एक मुखवट्याच्या पोकळीत राहिलं. आत बोट फिरवायला हवं होतं."

"पण काकू, मला तरी सांगायचं!"

"तुला? तू जावेला ऐकवल्याशिवाय राहिली असतीस? आणि मग तिने ठेवल्या असत्या गौरी तुझ्याकडे?" त्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं. "आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग झालं तर. जेव."

संध्याकाळी अंबरनाथला उतरले ती घरी न जाता जिना चढले. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून एकेक दार वाजवत झुरळ कुणाच्या घरचं होतं ते सांगत खाली आले. तीन घरांत नवे भाडेकरू होते. दळवीकाकू कोण, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनाही सांगितलं.