कूलरशेजारचा राउटर

वाळ्याच्या ताट्या भिजल्या, की त्या वासासरशी मला अमरावतीच्या आमच्या घरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. ताईची नोकरीची मुलाखत लॅपटॉपवर होणार होती, म्हणून आदल्याच दिवशी घरात वायफाय घेतलं होतं. जोडायला आलेल्याला बाबांनी ठणकावलं होतं, "नव्या रंगाच्या भिंतीले भोक पाडू देनार नाई मी. कूलरच्या खिडकीतून आन वायर." त्यामुळे राउटर कूलरशेजारी बसला आणि त्याची पिनही कूलरच्याच बोर्डात गेली. मुलाखत सुरू झाली. ताई इस्त्रीच्या कुर्त्यात ताठ बसली होती, कपाळावर घाम. तो बघवेना म्हणून बाबांनी हळूच येऊन कूलर लावला. पंखा घरघरला, व्होल्टेज पडलं, राउटरचे दिवे विझले आणि पडद्यावरच्या मॅडम अर्ध्या शब्दावर थिजल्या. "बाबा, काहून लावला?" ताई रडवेली झाली. बाबांनी झडप घालून बटण बंद केलं. हिरवे दिवे परत लागेपर्यंत घरात कुणी हललं नाही. मग मुलाखत संपेपर्यंत बाबा त्या बटणावर हात ठेवून, घामानं निथळत उभेच राहिले. ताई आता पुण्यात नोकरी करते. राउटर केव्हाच बैठकीत गेला, भिंतीला भोक पाडूनच. तरी तिचा व्हिडिओ कॉल आला, की बाबा आधी उठून कूलर बंद करतात. "बाबा, एवढा घाम काहून?" ती विचारते. "इकडे ऊन लय हाय," बाबा सांगतात.