येळवसची हजेरी

नाना गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं आणि सर गेल्याचं पप्पांच्या फोनवर. दोघं एकच. मी नांदेडला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पोहे खात होते. आमच्या दहावीच्या ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय काही येत नाही. तिथं एकानं लिहिलं होतं, 'आपले नाना गेले.' ते वाचते न वाचते तोच पप्पांचा फोन. म्हणाले, "तुझे सर गेले." एवढंच... फोन मात्र ठेवला नाही. मागं त्यांच्या साइटवर काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. फोन ठेवल्यावर मी पोहे संपवले. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर ज्यानं त्यानं विचारलं, रडलीस का? नाही रडले. मला लोकांदेखत रडू येत नाही, आणि आलं तरी पोहे टाकून द्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

नाना म्हणजे माझे मोठे चुलते. निलंग्यापासून आत आमचं गाव, तिथल्या शाळेत ते मराठी शिकवायचे. पुतणीनं नाना म्हणावं आणि विद्यार्थ्यांनी सर म्हणावं, ही जगाची रीत. आमच्यात बरोबर उलटं झालं. गावची पोरं त्यांना नाना म्हणायची आणि घरचे लोक सर. याला कारण माझी जीभ. पप्पा गुत्तेदार, म्हणजे शाळांच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या असली बांधकामं घेणारे. आज मुदखेड, उद्या उदगीर. पोरीची शाळा सारखी बदलायला नको म्हणून पाचवीला त्यांनी मला नाना-काकींकडं ठेवलं, ती मी दहावी होऊनच हलले. पहिल्याच दिवशी नानांनी बजावलं होतं, "घरी मी नाना. शाळेत सर. घोळ करू नकोस." घोळ व्हायला आठवडाही लागला नाही. भर वर्गात मी उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, पाणी प्यायला जाऊ का?" वर्ग असा फिदीफिदी हसला की विचारू नका. मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना "नाना, डबा खायला जाऊ का" म्हणायला लागली. दिवाळीपर्यंत अख्ख्या शाळेचे ते नाना झाले. हेडमास्तरांनी एकदा टोकलं, तर हे म्हणाले, "म्हणू द्या की. शिव्या तर देईनात."

तोंडावर त्यांनी मला काही म्हटलं नाही. फक्त त्या दिवसापासून शाळेत सर, शाळेत सर असं घोकून घोकून माझ्या तोंडात ते इतकं बसलं, की त्या वर्षीच्या येळवसला मी सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणाले, "सर, आंबील वाढा."

लातूर-निलंग्याकडच्या लोकांना येळवस काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. कॅलेंडरवाले तिला वेळ अमावस्या छापतात. नाना म्हणायचे, "वेळेचा काय संबंध? येळ म्हणजे कानडीत सात. सातवी अवस." ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण आमच्या शाळेच्या फळ्यावर सुट्टीची सूचना 'येळवस' अशीच लागायची. त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा झाली की आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" त्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. मग जेवण. भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर आणि आंबील. माझी नांदेडची मैत्रीण भज्जी म्हटल्यावर कांदाभजीची वाट बघत बसली होती. तसं नव्हे. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, सापडेल ते सगळं ताकातल्या बेसनात रटरटा शिजवायचं. रंग काही बघण्यासारखा नसतो. पण तुरीच्या रानात बसून, हाताला चुलीचा वास येत असताना ती खाल्ली की दुसरं काही नको वाटतं. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पेय. दोन गिलास घेतले की माणूस तुरीच्या सावलीला आडवा होतो.

तर मी म्हणाले, "सर, आंबील वाढा." आत्या, चुलत भावंडं, सगळे लोळायलाच लागले. नानांच्या मुलानं, प्रवीणदादानं तर ताट सोडून माझी नक्कल केली. नाना ओगराळं हातात धरून उभे होते. म्हणाले, "शाळाच म्हणता का? मग हजेरी झाल्याबिगर वाढणार न्हाई." आणि खरंच त्यांनी उभ्या उभ्या हजेरी घेतली. शाळेत घेतात तशी, नाव आणि बापाचं नाव. सासुरवाशिणींचं नवऱ्याचं. पहिलं नाव काकीचं, "सुमन माणिक!" काकीला इतकं हसू आलं की तिच्यानं ओ देववेना. मग आत्या, मग पप्पा, "भास्कर ज्ञानोबा!", मग मम्मी, मग आम्ही पोरं. प्रत्येकानं "हजर, सर" म्हणायचं, मग ताटात भज्जी पडणार. उशिरा येणाऱ्यानं कान धरायचा, मगच बसायचं. पुढं प्रवीणदादाच्या लग्नानंतर पुण्याहून आलेल्या नव्या वहिनींनीसुद्धा पहिल्याच येळवसला लाजत लाजत कान धरला होता. घरात त्यांना सर म्हणायची सुरुवात झाली ती तिथून. फक्त पप्पा म्हणत नसत. ते लहानपणी नानांच्याच वर्गात होते. म्हणायचे, "मी आठवीपर्यंत सर म्हणलो. आता दादाच म्हणणार." हजेरीला ते नुसतं "हजर" म्हणायचे आणि हसायचे.

मी नववीत असताना पप्पांनी येळवसला दोन पाहुणे आणले. एक इंजिनियर साहेब, पप्पांचं काम त्यांच्याच हाताखाली चाललेलं, आणि एक त्यांचा मित्र. आमच्याकडं येळवसला कुणालाही आणतात, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाका मारून जेवू घालतात, त्यात नवल नव्हतं. पाहुणे सतरंजीवर बसले, ताटं मांडली, नानांची हजेरी सुरू झाली. आणि पप्पा बांधावर, फोन कानाला. "भास्कर ज्ञानोबा!" पप्पांनी हातानं थांबा केलं. दुसऱ्यांदा हाक. तिसऱ्यांदा. मग पप्पा फोन खिशात घालत आले, तर नाना आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उशीर. कान धर अन् बस." सगळे हसले. आम्ही हसलो, मम्मी हसली. साहेबही हसले, जरा जास्तच. पप्पांचा चेहरा बदललेला मला दिसला. म्हणाले, "दादा, मी आता तुमच्या वर्गात न्हाई." नानांना कळलंच नाही. म्हणाले, "धर की रे, वाढायचं थांबलंय." पप्पा वळले आणि गाडीकडं गेले. पाहुण्यांना हजेरीआधीच वाढलं होतं, तेही अर्ध्या जेवणावरून उठले. त्यांच्याबरोबर वाढून ठेवलेलं पप्पांचं ताट तसंच राहिलं, भज्जीवर साय धरली. नानांनी थोडा वेळ रस्त्याकडं पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

माझं मत विचाराल तर दोघंही चुकले आणि दोघंही सारखेच आडमुठे. एकानं पाहुणे बघून तोंड आवरायला हवं होतं, दुसऱ्यानं भाऊ बघून पोटात घालायला हवं होतं. पण आमच्या घराण्यात माफी मागायची रीतच नाही. पुढं पप्पा लग्नाकार्यात नानांच्या पाया पडायचे, नाना "बरा हाईस का" विचारायचे, पप्पा "हाव" म्हणायचे, संपलं. येळवसला मात्र पप्पा पुन्हा आले नाहीत. मम्मी यायची, आणि दहावीनंतर मी आणि मम्मी अर्धापूरच्या केळ्यांची फणी घेऊन, लातूरला गाडी बदलून जायचो. आणि दरवर्षी नाना हजेरीत ते नाव घ्यायचे. "भास्कर ज्ञानोबा!" पहिल्या वर्षी मम्मी घाईनं म्हणाली, "त्यांना काम निघालं ओ." नाना म्हणाले, "मी कारण इचारलं न्हाई." ओगराळं आंबिलीच्या मडक्यात तसंच धरून ते रस्त्याकडं बघत राहिले. आम्ही सगळे ताटं पुढं घेऊन बसलेलो. मग पुढचं नाव. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी काकी चिडली. "नुसतं नाव घेऊन काय व्हायलंय? एक फोन लावा की त्याला." नाना म्हणाले, "हजेरीत नाव हाय त्याचं. कमी केलंय का मी?" मला तेव्हा इतका राग आला होता... फोन जवळच होता हो, त्यांच्या छातीच्या खिशात.

पुढं ते निवृत्त झाले. यंदा दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळी अंगणात दाढी करायला बसले, अर्धी झाली आणि कलंडले. त्रास झाला नाही म्हणतात. मी पोचले तेव्हा गावातली दाढी-मिशी आलेली पोरं "नाना गेले, नाना गेले" म्हणत होती आणि ओसरीवर आत्या "आमचे सर गेले हो" म्हणून रडत होती. नवख्या माणसाला वाटलं असतं, घरात दोन मयती झाल्या. पप्पांनी मंडप, पाण्याचा टँकर, तेरवीचा स्वयंपाक, सगळं अंगावर घेतलं. कुणाशी धड बोलले नाहीत. साइटवर असतात तसे कमरेवर हात ठेवून उभे, याला हलव, त्याला बोलाव. त्यांना कुणी रडताना पाहिलं नाही. मी लेक त्यांचीच, मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तेरवीच्या संध्याकाळी ओसरीवर विषय निघाला की यंदा येळवस करायची नाही. घरात दुखवटा, वर्षभर सण नाही. प्रवीणदादा म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र मनात मोजत बसले. दादा पुण्याला, आत्या लातूरला, आम्ही नांदेडला. रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलेलं. आम्ही एका पंगतीला बसतो ते वर्षातून एकदा, याच दिवशी, आणि बसवणारा माणूस गेलेला. एक साल मोडलं की मोडलंच. पण पोरीबाळींनी अशा वेळी बोलायचं नसतं, म्हणून मी बोलले नाही. बोलली ती काकी, आणि तीही पंधरा-वीस दिवसांनी, एकेकाला फोन लावून. मम्मीला म्हणाली, "भुईला कुठलं आलंय सुतक? खीर करणार न्हाई, गोडधोड न्हाई. पण आंबील शिंपावी लागंल. या." मग जरा थांबून म्हणाली, "त्याला बी सांग." मम्मीनं सांगितलं. पप्पा जेवत होते, त्यांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "मी सोडतो तुम्हाला गाडीनं. एसटीला लई गर्दी असती."

सोडतो म्हणाले, येतो म्हणाले नाहीत. आणि खरंच त्यांनी आम्हाला बांधाशी सोडलं. स्वतः रस्त्यावर गाडीला टेकून उभे राहिले. मम्मी दोनदा वळून बघत आली. कोप तशीच होती, पांडवांना ताजा चुना होता, प्रवीणदादानं फेरी घातली, पण त्याला "सालम पलगे" जोरात ओरडायची लाज वाटत होती असं दिसलं. ताटं मांडली. काकीनं भज्जीचं पातेलं मध्ये आणून ठेवलं. आणि कुणी वाढेना, कुणी जेवेना. आत्यानं पदर तोंडाला लावला. शेवटी काकी माझ्याकडं बघून म्हणाली, "शीतले, का बघायलीस? घे की हजेरी. तूच लावलीस ना ही सवय?" आणि ओगराळं माझ्या हातात दिलं.

मी उभी राहिले. कॉलेजात सेमिनार देताना माझा आवाज कापत नाही, तिथं कापला. "सुमन माणिक." काकी म्हणाली, "हजर, सर." माझ्याकडं न बघता, पांडवांकडं बघून म्हणाली. आत्याचं नाव घेतलं, आत्यानं नुसती मान हलवली. पुढचं नाव कुठलं ते सगळ्यांना माहीत होतं. ते गाळून मम्मीचं घेता आलं असतं. मी ओगराळं मडक्यात घातलं, रस्त्याकडं तोंड केलं आणि नाना घ्यायचे तसं मोठ्यानं घेतलं, "भास्कर ज्ञानोबा!"

तुरीच्या ओळींच्या वर पप्पांचं डोकं दिसलं. येत होते. हळूहळू, ढेकळं बघत, आणि उजवा हात कानाला. मला तर संताप आला. म्हटलं, आजही फोन! कोपीजवळ आले, तेव्हा दिसलं की हातात फोन नव्हता. पप्पांनी कान धरला होता, शाळेतल्या पोरासारखा, चिमटीत पाळी धरून. कुणी हसलं नाही. ते पांडवांसमोर तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "हजर, सर."

काकीनं त्यांचं ताट पुढं सरकवलं. म्हणाली, "बस आता. निवायलंय सगळं."