चेहरा बघून लिहिलेलं वय

चूक माझीच होती. मलकापूरजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, मी कारकून आहे. कामगारांना पेन्शन योजनेचं सदस्य करायचं ठरलं तेव्हा सगळे फॉर्म मीच भरले. फाटकापासून कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एकेकाला विचारत बसायचा कंटाळा आला. चेहरा बघून मी वय ठरवलं आणि जन्मतारीख सगळ्यांचीच एक जून टाकली.

त्यात कापसातला कचरा वेचणाऱ्या एक मावशी होत्या. पुढे बरेच हंगाम गेले, त्यांचे गुडघे धरले, आणि गेल्या वर्षी त्या पेन्शनचं विचारायला आल्या. पेन्शनला अठ्ठावन्न पूर्ण लागतात. माझ्या फॉर्मवर त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

“मंजे अजून सात वर्सं कचरा येचू? लयच जवान करून ठेवलं मले! कोनं लिवलं हे, बाबू?”

“ऑफिसातूनच लिहिलं असंन,” मी म्हणालो. अक्षर माझं होतं.

“माय तं सांगे, पोळ्याच्या दिवशी झाली मी.”

“शाळेत गेल्ता काय कधी?”

“गेली ना, वरवट बकालले. पयलीत, दिवाळीलोक. मंग भाऊ झाला, त्याले सांभाळाले घरी बसवलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं वरवट बकालला गेलो. शाळेतल्या बाईंनी कपाटाच्या तळातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानं बोटाला चिकटत होती. मावशींचं नाव सापडलं. समोर ऑगस्टमधली तारीख. वय एकोणसाठ भरत होतं. बाईंनी मोबाइलवर त्या वर्षाचं पंचांग उघडलं आणि आमच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी पोळाच होता.

एका अडाणी आईनं सांगितलेला दिवस मावशींनी जन्मभर जसाच्या तसा जपला होता. मी एकदा विचारलं असतं तर तेव्हाच सांगितला असता. मावशी रजिस्टरवर वाकल्या, नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि ते मोठ्यानं वाचलं. दिवाळीपर्यंत शिकलेलं तेवढं अजून शाबूत होतं.

बाईंनी त्या नोंदीचा उतारा लिहून शिक्का मारून दिला. आता पेन्शन अडणार नव्हती. मावशींनी तो घडी करून पदरात बांधला. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पायऱ्या उतरताना त्यांना थांबवलं.

“मावशी, ते वय म्याच लिवलं होतं. तुमाले इचारलं नाही, अन् काल खोटं बोललो. माह्यं चुकलं. माफ करा मले.”