फक्त फराळ

नाना काट्यावरून उतरले, चपला काढल्या, खिशातली सुपारीची डबी माझ्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा चढले. काटा पंच्याण्णवच्या पुढेच. दिवाळीआधी हेच नाना ब्याण्णवला होते. मी वजनं सरकवून पाहिली, काट्याखालची फरशी पाहिली, शेवटी स्वतः चढून पाहिलं. काटा ठीक होता. माझंही दीड किलो वाढलं होतं, पण माझं कोणी ऑपरेशन करणार नव्हतं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. धुळ्याला देवपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ म्हणून नवीन लागले होते. आहारतज्ज्ञ म्हणजे काय, हे तेव्हा गावात फारसं कोणाला माहीत नव्हतं. पेशंटचे नातेवाईक मला चहा कुठे मिळेल ते विचारत. वॉर्डातल्या सिस्टरांना वाटे, मी किचनवर लक्ष ठेवायला आले आहे. आमचे मोठे सर्जन, म्हणजे सर, यांनी हौसेने मला घेतलं होतं. त्यांच्या भागीदार डॉक्टरांना मात्र माझ्या खोलीत एक्स-रे मशीन बसवायचं होतं. सरांनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "मॅडम, दिवाळीपर्यंत एक तरी पेशंट बारीक करून दाखवा. नाहीतर मला तुमची बाजू घेता येणार नाही."

तो एक पेशंट म्हणजे नाना. शिरपूरकडचे कापूसवाले शेतकरी. त्यांना बेंबीपाशी हर्निया होता. पोटाच्या आतल्या भिंतीला फट पडते आणि आतडं त्यातून डोकावतं, त्याला हर्निया म्हणतात. ती फट शिवायची असते, पण वर चरबीचा भार असला की टाके ताणतात आणि फट पुन्हा उघडते. म्हणून सरांची अट होती, वजन नव्वदच्या आत. तारीख दिवाळीनंतरच्या सोमवारची.

नाना पहिल्यांदा आले ते नवरात्रात. त्यांचे नऊ दिवस कडक उपास. मी त्यांना कागद लिहून दिला. उपास संपले की सकाळी एक भाकरी, भाजी, वाटीभर वरण. दुपारी ताक. आणि शेवटी, ठळक अक्षरात, "रात्री जेवण नाही. फक्त फराळ." माझ्या मनात उपासाचा फराळ होता, थोडी भगर किंवा एखादं फळ. नानांनीही तोच अर्थ घेतला. दसरा झाल्यावरही ते रात्री भगरीवरच राहिले. शहाण्णववरून ब्याण्णववर आले. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी खुशीत म्हणाले, "नाना, दिवाळीतही तोच कागद चालू ठेवा. कागदाबाहेरचं काही खाऊ नका."

आणि आता हे पंच्याण्णव.

"नाना, खरं सांगा. काय काय खाल्लं?"

"बाई, तुमीन लिखेल शे तेच खादं. कागदना बाहेर एक घास नही."

सोबत अक्का होत्या, नानांच्या मंडळी. त्यांनी दुजोरा दिला, "खरं शे बाई. दिवाळीम्हा रातले यास्नी भाकरले हात लाया नही."

"मग रात्री काय खायचे?"

नानांनी टोपीच्या घडीतून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "जेवन नही, फक्त फराळ. मंग मी फराळच कया."

"कसला फराळ?"

"दिवाळीना! शेव, चकल्या, करंज्या, लाडू."

"किती?"

"किती ते कुठे लिखेल शे?" नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते खरंच शोधत होते.

अक्कांनी भर घातली, "भाऊबीजले नणंदनी दुपारले लाडू दिन्हा, तं म्हने, आते नही, रातले. कागदवर रातले शे."

भर दुपारी, सख्ख्या बहिणीच्या हातचा लाडू नाकारणारा माणूस मी पूर्वी पाहिला नव्हता. त्या लाडवाची भरपाई त्यांनी रात्री केली होती, शेजारच्या चार घरांच्या ताटांसकट. तुपातले दोन बेसनाचे लाडू पोटात गेले की एका जेवणाचं काम तिथेच उरकतं. पण आपल्याकडे हे कोणी मोजत नाही. चार घरी ताटं रिकामी करून आलेला माणूस घरी येऊन म्हणतो, अजून जेवलो नाही, नुसता फराळ झाला. माझ्या माहेरीही असंच म्हणतात. तरी लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही.

सरांना सांगायला गेले. त्यांच्या टेबलावर पेशंटांनी दिलेले सात डबे होते आणि एक उघडा होता. त्यांनी अनारसा बाजूला ठेवला.

"सोमवारचं रद्द," ते म्हणाले. "केसपेपरवर लिहा, पेशंटने पथ्य पाळलं नाही."

हे आमच्या धंद्यातलं फार सोयीचं वाक्य. ते लिहिलं की डॉक्टर सुटतो, औषध सुटतं, आहारतज्ज्ञ तर सगळ्यात आधी सुटते. मी पेन उघडलं. खोटं कशाला सांगू, "पेशंटने" हा शब्द लिहिलासुद्धा. मग काचेतून बाहेर पाहिलं. नाना बाकावर बसून अक्कांना तो कागद पुन्हा वाचून दाखवत होते, आपलं काय चुकलं ते शोधत. मला स्वतःची लाज वाटली. मी शब्द खोडला आणि लिहिलं, "पथ्य पूर्ण पाळलं. सूचना चुकीची होती." खाली सही केली.

सरांनी वाचलं. "हे भागीदारांनी पाहिलं तर?"

"पाहू देत."

"तीन आठवडे देतो," ते म्हणाले आणि अनारसा पुन्हा उचलला.

नवा कागद दोन पानी झाला. फराळ हा शब्द त्यात नव्हता. भाकरी केवढी, हे मी बशीभोवती पेन्सिल फिरवून काढून दिलं. नाना तीन आठवड्यांनी आले, तेव्हा साडेएकोणनव्वद भरले. ऑपरेशन झालं, टाके टिकले.

डिस्चार्जच्या दिवशी दोन्ही डॉक्टर राउंडला होते. सरांनी घाईत सांगितलं, "नाना, आता घरी जा. हलका आहार घ्या."

नाना पलंगावरून उठेचनात. "हलका म्हंजे काय, डॉक्टरसाहेब?"

"हलका म्हणजे... आपला हलका."

"किती? कव्हय? दिवसले का रातले?"

सरांनी भागीदारांकडे पाहिलं. भागीदारांनी केसपेपरकडे पाहिलं. त्यात माझी सही होती. मग भागीदारच सिस्टरना म्हणाले, "त्या मॅडमना बोलवा."

पुढे तीस वर्षं मी ही नोकरी केली. पेशंट ऐकत नाहीत, ही तक्रार रोज कानावर येई. मला मात्र धास्ती वाटायची ती शब्दन् शब्द ऐकणाऱ्या पेशंटची.