रोबोला थंड हवा लागते

बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर काही वर्षं उभं राहिलं की पायांत सूज आणि डोक्यात किस्से, दोन्ही साचत जातात. सूज पाय वर करून बसलं की उतरते. किस्से उतरत नाहीत. इथे परदेशात, ओटाहुहूच्या आमच्या कारखान्यात रोबो आला, त्या वर्षाचे तर अजून घशाशीच आहेत.

•

क्रेग आमचा मॅनेजर. त्यानं सगळ्यांना कॅंटीनमध्ये बोलावलं, सॉसेज रोल खाऊ घातले आणि म्हणाला, "एक नवीन टीम मेंबर येतोय. कुणाचीही नोकरी जाणार नाही." वर स्पर्धा ठेवली. रोबोला नाव सुचवा आणि बिस्किटांचा हॅम्पर जिंका. जी बिस्किटं आम्ही दिवसभर भरतो, तीच.

माझ्या शेजारी लोसा काम करायची. सामोआची, नातवंडं असलेली, लाइनवर सगळ्यांत जुनी. तिनं हात वर केला. "क्रेग ठेवा."

क्रेग हसला. "का बरं?"

"त्यालाही आमची नावं माहीत नसणार."

हॅम्पर ऑफिसातल्या कुणाला तरी मिळाला.

•

मग एक इंजिनियर आला. त्यानं लोसाच्या मनगटांना सेन्सर बांधले आणि वर कॅमेरा लावला. "नेहमीसारखं काम करा. रोबोला तुमची मूव्हमेंट शिकवायचीय."

लोसा ब्रेकपर्यंत मुकाट्यानं बॉक्स भरत राहिली. पट्टे सोडताना तिनं विचारलं, "माझे हात तर घेतलेत. हा खांदा दुखतो, तोही नेता का?"

"स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या बोलीत 'झकास', तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. त्यानं ऐकलंच नव्हतं.

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि अस्सल मराठीत जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

•

आमची लाइन भट्टीला लागून. उन्हाळ्यात पाठ भाजून निघायची. पंखा मागून मागून आम्ही थकलो होतो. "बजेट नाही," हे ठरलेलं उत्तर.

रोबोबरोबर त्याचं कंट्रोल कपाट आलं आणि त्या कपाटाला एसी! आतले पार्ट तापू नयेत म्हणून. कपाट ठेवलेल्या खोलीचं दार उघडलं की गार झुळूक यायची. आम्ही बायका डबे घेऊन दाराशी बसायला लागलो, तर क्रेगनं पाटी लावली. "येथे थांबू नये. रोबोला त्रास होतो."

•

घरीही सुटका नव्हती. माझे बाबा तेव्हा चिंचवडहून माउंट रॉस्किलला आमच्याकडे राहायला आले होते. नवऱ्याचा मित्र मंदार, आयटीतला, जेवायला आला. कारखान्याचा विषय निघाल्यावर म्हणाला, "वहिनी, असली कामं जाणारच. लोकांनी अपस्किल व्हायला हवं."

बाबांनी शांतपणे विचारलं, "आणि तुमचं काम गेलं तर?"

"काका, आमच्या कामाला डोकं लागतं."

त्याच्या ताटात वाढायला घेतलेली जिलबी मी परत डब्यात ठेवली.

•

शेवटी जे व्हायचं तेच झालं. लाइनवरच्या बऱ्याच जणींना काढलं, त्यांत लोसाही होती. मला दुसऱ्या लाइनवर टाकलं. लोसाच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या मासिकासाठी फोटोग्राफर आला. क्रेगला रोबोशेजारी आमच्यातलं कुणीतरी हवं होतं, हसणारं. त्यानं लोसालाच उभं केलं.

पण जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या आत माणूस आलं की रोबो आपोआप थांबायचा. फोटोग्राफरला तर तो चालू हवा होता.

"लोसा, जरा मागे," क्रेग म्हणाला. ती मागे सरली. रोबो हलला, पण फोटोग्राफरला फ्रेममध्ये काहीतरी खटकत होतं.

"अजून थोडं. अजून."

लोसा हसू तसंच ठेवून मागे मागे जात राहिली.

"परफेक्ट," फोटोग्राफर म्हणाला.

तिच्या शेवटच्या दिवशी फोटो कॅंटीनच्या भिंतीवर लागला. मधोमध चकचकीत रोबो, खाली मोठ्या अक्षरांत "माणूस आणि मशीन, एकत्र". डाव्या कडेला निळ्या बाहीचा एक तुकडा.

लोसानं चष्मा लावला, जवळ जाऊन फोटो नीट पाहिला.

"कोपर छान आलंय माझं," ती म्हणाली.